अठ्ठ्यांची जोडी, बारा बिग ब्लाइंड

पोकरच्या टुर्नामेंटमध्ये एक्क्यांची जोडी आली की काय करायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. सत्ती-दुर्री आली तरी नाही. डोकं खातात त्या छक्क्यांपासून नव्व्यांपर्यंतच्या जोड्या, आणि त्याही आपल्यापुढच्या चिप्स आटलेल्या असताना. टाकवत नाहीत, खेळायला भीती वाटते. गोव्यातल्या एका टुर्नामेंटमध्ये दिवसभरात या जोड्यांनी मला पुन्हा पुन्हा गाठलं, त्याची ही हकीकत. तयारीही नेमकी याच जोड्यांची करून गेलो होतो, म्हणून हात बारकाईने लक्षात राहिले.

मी गडहिंग्लजचा. पत्ते घरातच होते, गणपतीत जागरणाला रमी आणि दिवाळीत तीन पत्ती. पोकर फोनवर शिकलो. प्रत्येकाच्या हातात दोन झाकली पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, त्यातून पाचांचा सर्वांत चांगला हात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आणला आणि ती टेबलं बंद झाली. महाराष्ट्रात कॅसिनोचा १९७६ चा कायदा कागदावर होता तो कधी अमलात आलाच नाही, २०२३ मध्ये रद्दही झाला. राहिला गोवा. तिथे कायद्यात १९९६ साली दुरुस्ती झाल्यापासून जहाजांवर टेबलं लावता येतात, म्हणून पणजीला मांडवीत ती दिव्यांनी लखलखणारी जहाजं उभी आहेत. खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला बंदी, हे मला प्रत्येक वेळी नवल वाटतं. टेबलावर दिल्ली, सुरत, हैदराबाद, पुणे सगळे असतात, ज्यांच्या नदीत जहाज आहे ते सोडून.

आमच्यात एक अण्णा आहेत. बेळगावचे, बँकेतून निवृत्त, आकडेमोडीत मुरलेले. माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण नुसत्या प्लास्टिकच्या चिप्सवर सराव करतो, पैसे लावत नाही. बिग ब्लाइंड म्हणजे पानं बघायच्या आधीच एकाला भरावी लागणारी रक्कम, त्याच्या निम्मी दुसरा भरतो ती स्मॉल ब्लाइंड. अण्णा प्रत्येकाला बारा बिग ब्लाइंडच देतात आणि पत्त्यांच्या जोडातून मुद्दाम सहा ते नऊच्या जोड्या काढून वाटतात. पहिल्यांदा मी सत्त्यांवर समोरच्याचा रेज नुसता कॉल केला, म्हणजे त्याने वाढवल्या तेवढ्याच चिप्स घालून आत राहिलो, तेव्हा त्यांनी डाव तिथेच थांबवला.

“सेट लागंल म्हणून बघायलास काय? सांग बघू, कितीदा लागतोय?”

“आठ-नऊ डावांत एकदा, अण्णा.”

“आणि एका वेळी देतोस किती?”

दोनला थोडं जास्त. म्हणजे बारातले दोन. साधारण साडेआठ वेळा फ्लॉप, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं, बघितला की एकदा तिसरी सत्ती येते, तोच सेट. दर वेळी सव्वादोन बिग ब्लाइंड घातले तर त्या एका वेळी किती मिळायला हवेत? सोळा-सतरा तरी. माझ्याकडे मुळात उरलेले दहा. सगळे जिंकले तरी हिशोब बसत नाही. शंभर बिग ब्लाइंड असताना हाच कॉल अगदी योग्य, कारण सेट लागला तर समोरच्याचा अख्खा ढीग मिळू शकतो.

“बरं, सेट नाही लागला, तरी जोडी आहेच की हातात,” आमच्यातला एक जण म्हणाला. यावर अण्णांनी कागद घेतला. अठ्ठ्या हातात असताना फ्लॉपवर आठपेक्षा मोठं निदान एक पान पडण्याची शक्यता ८७ टक्के. सत्त्यांना ९२. नव्व्यांना ७९. म्हणजे नव्व्या धरल्या तरी पाचातल्या चार वेळा टेबलावर एखादी दश्शी, गुलाम, राणी, राजा नाहीतर एक्का उघडा पडलेला, समोरचा बेट मारतोय आणि आपण जोडी हातात धरून घाम पुसतोय. तीन पत्तीची सवय इथे आडवी येते. तिथे जोडी म्हणजे बऱ्यापैकी पान, चाल देत राहायचं. इथे मधल्या जोडीची खरी किंमत फ्लॉप पडायच्या आधीच वसूल करायची असते.

मग उपाय काय, तर आपल्या आधी कुणी पैसे घातले नसतील तर सगळ्या चिप्स पुढे ढकलायच्या. अण्णांनी त्याचाही हिशोब मांडला. स्मॉल ब्लाइंड अर्धा, बिग ब्लाइंड एक आणि हल्ली बिग ब्लाइंडवालाच सगळ्या टेबलाचा अँटी, म्हणजे दर हाताची वर्गणी, भरतो तो एक, असे अडीच बिग ब्लाइंड मध्ये पडलेले असतात. साडेबारा बिग ब्लाइंड आणि अठ्ठ्या घेऊन कटऑफवरून, म्हणजे डीलरच्या बटनाच्या आधीच्या जागेवरून, ढकललं. मागच्या तिघांपैकी, बटन आणि दोन ब्लाइंड, कुणीतरी कॉल करेल, समजा शंभरातल्या पंचवीस वेळा, आणि तेही चांगली पानं घेऊनच, म्हणून आपण त्यातल्या ४५ टक्केच जिंकू. त्या पंचवीस वेळा सरासरी अर्ध्या बिग ब्लाइंडहून कमीच तोटा. उरलेल्या पंच्याहत्तर वेळा अडीच-अडीच फुकट. शंभर वेळांचा नफा १७५-१८० बिग ब्लाइंडच्या घरात. कॉल झाल्यावर आपण थोडे मागेच असतो, तरीही ढकलणं फायद्याचं. हे एकदा कागदावर पाहिलं आणि माझी भीती निम्मी उतरली.

टुर्नामेंटला अण्णांच्याच गाडीतून गेलो, बेळगावहून चोर्ला घाटाने. जेट्टीवर एकवीस वर्षं पूर्ण असल्याचं ओळखपत्र दाखवलं, बोटीने जहाजावर गेलो. बाय-इन, म्हणजे प्रवेशाचे पैसे, पंधरा हजार, सुरुवातीला तीस हजार चिप्स, अर्ध्या अर्ध्या तासाच्या लेव्हल, दर लेव्हलला ब्लाइंड वाढणार. बाद होऊन पुन्हा पैसे भरलेल्यांची रीएन्ट्री धरून अडीचशेच्या आसपास एन्ट्री झाल्या, बक्षिसं ३६ जणांना. अण्णा दुसऱ्या टेबलावर.

पहिल्या काही लेव्हलबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एकदा सत्त्यांवर स्वस्तात फ्लॉप पाहिला, काही लागलं नाही, टाकल्या. चिप्स भरपूर असताना तसंच करायचं असतं. मग एक्का-राजा घेऊन राण्यांना आपटलो आणि ब्लाइंड १,०००-२,००० झाले तेव्हा माझ्यापुढे २५ हजार उरले होते.

इथे एक माप सांगतो. एका फेरीत न खेळता जेवढं जातं त्याने आपल्या चिप्सना भागायचं. माझी फेरी पाच हजारांची, अँटी धरून. म्हणजे पाच फेऱ्या. या आकड्याला एम म्हणतात, बॅकगॅमनचा मोठा खेळाडू पॉल मॅग्रिएल याच्या आडनावावरून. १९९५ चा जागतिक विजेता डॅन हॅरिंग्टन याने ते माप घरोघरी पोचवलं. वीसच्या वर हिरवा पट्टा, पाच आणि खाली लाल. मी लालमध्ये होतो. आजकालची पोरं एम मोजत नाहीत, सरळ ‘किती बीबी’, म्हणजे किती बिग ब्लाइंड, विचारतात. मला मात्र फेऱ्यांत मोजलेलं आवडतं, आपल्याला किती वेळ आहे ते लगेच कळतं.

कटऑफवर अठ्ठ्या आल्या, इस्पिक आणि चौकट. माझ्यापर्यंत सगळ्यांनी टाकलेलं. दुकानावरच्या खोलीतलाच हात, जागासुद्धा तीच. ‘ऑल-इन’ म्हणून चिप्स पुढे सारल्या. बटन गेला, स्मॉल ब्लाइंड गेला. बिग ब्लाइंडमध्ये कानात हेडफोन घातलेला दिल्लीचा मुलगा. त्याने हेडफोन काढले आणि डीलरला मोजायला सांगितलं. डीलर मुलीने माझे पाच-पाच हजारांचे पाच गठ्ठे शेजारी शेजारी लावून बोटाने एकेक दाखवला. तो पानांचे कोपरे उचलून बघायचा, खाली ठेवायचा, माझ्याकडे बघायचा. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीवर नजर ठेवून बसलो. बराच वेळ घेऊन त्याने एक्का-दश्शी उलटी करून दाखवली आणि टाकली. “भाई, जोड़ी है क्या?” मी हसलो, सांगितलं नाही.

एक्का-दश्शीला अठ्ठ्यांविरुद्ध ४५ टक्क्यांच्या जवळपास संधी असते. ती त्याने सोडून दिली आणि मला पाच हजार मिळाले, एकही पत्ता न पाडता. माझा ढीग वीस टक्क्यांनी वाढला. कमी चिप्सच्या खेळात हे असे पाच-पाच हजारच जिवंत ठेवतात, पण घरी येऊन सांगायला मात्र कुणाला हे हात आठवत नाहीत.

पुढच्या लेव्हलला ब्लाइंड १,५००-३,००० झाले आणि माझे तीस हजार म्हणजे पुन्हा दहाच बिग ब्लाइंड. बटनवर सत्त्या. पण या वेळी अंडर द गन, म्हणजे सगळ्यांत आधी बोलायच्या जागेवर, बसलेल्या सुरतच्या काकांनी आधीच सगळं ढकललं होतं, साधारण माझ्याइतकंच. दुपारपासून हे काका चहा पीत, पानं टाकत बसलेले. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून असा माणूस काय घेऊन येईल? सत्त्या आणि त्यावरच्या जोड्या, एक्का-गुलाम आणि त्याच्या वरचे एक्के, फार तर राजा-राणी. मोठ्या जोडीपुढे मी पाचात एकदा जिंकतो. एक्का-राजासारख्या दोन मोठ्या पानांपुढे निम्म्याहून थोडा जास्त. सगळं मिळून ४० टक्के. मला दहा घालून मध्ये जमलेला साडेबाविसाचा पॉट मिळणार, त्यासाठी हवेत ४४. शिवाय माझ्या मागे अजून दोघे बाकी.

टाकल्या. गंमत बघा, याच सत्त्या, याच बटनवर, याच दहा बिग ब्लाइंडने, काका आधी बोलले नसते तर मी विचारही न करता ढकलल्या असत्या. पान तेच. आपण ढकलतो तेव्हा समोरचा पळून जाऊ शकतो, आणि मधल्या जोडीचा मुख्य नफा त्याच्या पळण्यातच आहे. आपण कॉल करतो तेव्हा पळायला कुणीच उरत नाही, पाचही पत्ते पडणार आणि जोडीला नुसत्या स्वतःच्या ताकदीवर टिकावं लागणार. ती ताकद अठ्ठ्या-सत्त्यांत नाही. अण्णा महिनाभर हे एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने सांगत होते, ते मला त्या बटनवर बसून पुरतं पटलं. काकांनी पानं दाखवली नाहीत. कुणी कॉलही केला नाही.

त्यानंतर एक्का-गुलामवर दोनदा ब्लाइंड उचलले, बिग ब्लाइंडमधून राजा-दश्शीचा एक बरा डाव जिंकला आणि ५१ हजारांवर आलो. सतरा बिग ब्लाइंड. या मधल्या मापाला लोक गोंधळतात, कारण उघडून थेट ढकलायला जास्त आणि आरामात खेळायला कमी. पण याचा एक उपयोग आहे तो दहा बिग ब्लाइंडचा नाही. कुणी रेज केल्यावर त्याच्या वरून ढकललं तर त्याला टाकावंसं वाटेल इतकं वजन त्यात असतं.

कटऑफवर बसलेला हैदराबादचा एक तरुण दर दुसऱ्या हाताला रेज मारत होता. त्याने ६,५०० केले. मी बटनवर, नव्व्या. नुसता कॉल केला असता तर मागचे दोघेही स्वस्तात आत आले असते. मध्ये १४ हजार जमा झालेले, माझ्या ढिगाच्या पावपटीहून जास्त. सगळं ढकललं. ब्लाइंड गेले. हैदराबादवाल्याने क्षणाचाही विचार न करता कॉल म्हटलं आणि एक्का-राजा उघडा केला, बदामचा एक्का, किलवरचा राजा. शेजारचा म्हणाला, “फ्लिप है.” फ्लिप, म्हणजे नाणेफेकीसारखी निम्मी-निम्मी संधी, म्हणतात खरं, पण वेगवेगळ्या रंगांच्या एक्का-राजापुढे नव्व्या ५५ टक्के असतात.

फ्लॉप गुलाम, चौरी, तिर्री. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, दुसरी चौरी. आता त्याच्यासाठी तीन एक्के आणि तीन राजे, सहाच पानं उरली. डीलर टेबलावर बोट टेकवते, वरचं पान बाजूला काढते आणि मग रिव्हर, पाचवं पान, उलटते, एवढ्या वेळात मी उभा राहिलो होतो हे मला शेजाऱ्याने खांद्याला धरून बसवलं तेव्हा कळलं. दश्शी. एक लाख साडेनऊ हजार चिप्स माझ्याकडे आल्या. त्या मुलाने टेबल थोपटलं, ‘वेल प्लेड’ म्हणाला. माझ्या खेळण्याचा भाग रिव्हरच्या बराच आधी संपला होता, पण त्या वेळी असं बोलून दाखवायचं नसतं.

जेवणाच्या सुट्टीत अण्णा भेटले. ते बाहेर पडले होते, राजांची जोडी मोडली म्हणाले, आणि शांतपणे भात-आमटी वाढून घेत होते. नव्व्यांचा हात ऐकला आणि एवढंच विचारलं, “त्याच्या जागी ते सुरतवाले काका असते तर?” तर टाकायच्या, मी म्हटलं. ते पुन्हा भाताकडे वळले.

रात्री ब्लाइंड ३,०००-६,००० झाले, तोवर एका छोट्या ढिगाला डबल करून देण्यात आणि अँटीत माझे ६६ हजार उरले. अकरा बिग ब्लाइंड. ३७ जण शिल्लक, बक्षिसं ३६ ना. म्हणजे बबल, आता जो जाईल तो रिकाम्या हाताने. अशा वेळी सगळ्या टेबलांचे हात एकदम चालवतात, एक टेबल संपलं तरी बाकीच्यांसाठी थांबायचं. सगळे उभे राहून माना उंच करून दुसरीकडे कोण मरतंय ते बघतात. पलीकडच्या टेबलावर एकाकडे दीड बिग ब्लाइंड उरल्याची बातमी आमच्यापर्यंत आलेली.

मी बिग ब्लाइंडमध्ये. ब्लाइंड आणि अँटी भरून मागे नऊ बिग ब्लाइंड. सगळ्यांनी टाकलं, आणि टेबलावरच्या सर्वांत मोठ्या ढिगाच्या मालकाने बटनवरून सगळ्या चिप्स ढकलल्या. बबलला मोठा ढीग असा कशावरही ढकलतो, ते त्याचं कामच. मी पानं बघितली. छक्क्या.

चिप्सच्या हिशोबाने हा कॉल आहे. नऊ घालून साडेएकविसाचा पॉट, ४२ टक्के पुरतात. बटनवाला शंभरातल्या चाळीस हातांवर ढकलत असेल तर छक्क्या निम्म्याच्या आसपास जिंकतात. पण चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. हरलो तर शून्य. टाकलं तर माझ्याकडे नऊ बिग ब्लाइंड राहतात आणि दीडवाला बहुधा माझ्या आधी जातो. जिंकून दुप्पट झालेल्या चिप्सची किंमत मात्र दुप्पट होत नाही, कारण पहिला आला तरी कुणी सगळं बक्षीस नेत नाही, खालपर्यंत वाटलं जातं. आयसीएम म्हणतात तो हिशोब हाच. बबलवर त्याचा जास्त भार कॉल करणाऱ्यावर पडतो.

माझ्या डाव्या हाताचा पुणेकर माझा चेहरा बघून म्हणाला, “टाका हो, दोन मिनिटांचा प्रश्न आहे.” खरं तर हात चालू असताना असं बोलायचं नसतं, डीलरने त्याला हटकलंही. मी त्याच्या आधीच ठरवलं होतं. टाकल्या. दोन मिनिटं नाही, चांगली वीस लागली. दीडवाला दोनदा डबल झाला आणि शेवटी तिसराच कुणी राण्या घेऊन राजांवर आपटला. टाळ्या झाल्या.

बबल फुटल्यावर टेबलाचा रंगच बदलतो. इतका वेळ श्वास रोखून बसलेले सगळे छोटे ढीग एकदम चिप्स ढकलायला लागतात, कॉलही सैल होतात. ब्लाइंड ४,०००-८,००० झाले. मी दोनदा ब्लाइंड चोरले आणि ७२ हजारांवर, नऊ बिग ब्लाइंडवर, हायजॅकवर, म्हणजे कटऑफच्या आधीच्या जागेवर, पुन्हा अठ्ठ्या आल्या. आधी कोणी आलेलं नाही. ढकललं. बिग ब्लाइंडमधल्या बाईंनी कॉल केला आणि दश्श्यांची जोडी मांडली. अशा जागी अठ्ठ्यांना वीस टक्केही नसतात. बोर्डवर एक्का, राणी, पंजी, राणी, दुर्री. बाईंनी हात मिळवला, मीही मिळवला. एकोणतिसावा.

काउंटरवर पॅन कार्ड घेतलं. बक्षीस किमान रकमेपेक्षा थोडंच वर होतं, पण दहा हजारांच्या वर असल्याने ३० टक्के टीडीएस कापला. बाय-इन, राहणं, पेट्रोल वजा जाता हातात उरलं त्यात दोघांचं मासळीचं जेवण निघालं आणि थोडं शिल्लक राहिलं.

परतीच्या वाटेवर गाडीत वाद झाला तो या अठ्ठ्यांवरून नाही. त्यांच्यावर अण्णा एक शब्द बोलले नाहीत. वाद छक्क्यांवरून. त्यांचं म्हणणं, तो बटनवाला चाळीस टक्के नाही, सत्तर टक्के हातांवर ढकलत होता. त्यांनी मागे उभं राहून तासभर त्याला बघितलं होतं. सत्तर असेल तर छक्क्यांची टक्केवारी वर जाते आणि टाकण्याचा निर्णय पूर्वीइतका सरळ राहत नाही. मी म्हटलं, तुम्ही बघितलं तेव्हा बबल लांब होता. ते म्हणाले, बबलला तर अजून जास्त ढकलील, कमी कशाला? याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. मी फोनवर आयसीएमचा कॅल्क्युलेटर उघडून सगळ्यांच्या चिप्स भरायला घेतल्या, तर चोर्ल्यात नेटवर्क गेलं. मग पुढच्या सरावाला तोच हात पुन्हा वाटायचं ठरलं. बटनवर अण्णा बसणार, आणि किती टक्क्यांवर ढकलणार ते मला सांगणार नाहीत.